पलटणीचा डावा कोपरा

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊमध्ये आशियाई स्पर्धेतला कबड्डीचा अंतिम सामना एका चढाईवरच्या वादात सुमारे तासभर अडकला. अखेर भारताने इराणला ३३-२९ असं नमवलं. दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीच्या लिलावाला सुरुवात झाली आणि त्या पराभूत संघातल्या मोहम्मदरेझा शादलुईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना उचललं. एका संघाला साऱ्या खेळाडूंवर मिळून खर्च करता येत होते ५ कोटी. त्यातले निम्म्याच्या जवळपास एकाच बचावपटूवर लागले. हांगझोऊला त्याच्यासमोर उभ्या असलेल्या भारतीय संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे पलटणचेच दोन तरुण होते.

पहिली निवड कोणाची, याचं वेड अमेरिकेत जुनं आहे. तिथल्या फुटबॉल लीगने १९३६ मध्ये ड्राफ्ट सुरू केला. गेल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाने कॉलेजातल्या मुलांतून पहिली निवड करायची, हा त्याचा नियम. फिलाडेल्फियाने निवडलेला पहिलाच खेळाडू, जे बरवँगर, त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवत होतं, त्यात कबड्डीही होती. कबड्डीतल्या पहिल्या निवडीला भाव फुटायला मात्र २०१४ साल उजाडावं लागलं. त्या पहिल्या लिलावात पाटण्याने राकेश कुमारसाठी मोजलेले १२ लाख ८० हजार हा सर्वाधिक आकडा होता.

इथे तळाच्या संघाला झुकतं माप नाही. सगळ्यांच्या हाती रक्कम सारखी, आणि शहाणपण ज्याचं त्याचं.

पलटणला ते शहाणपण सावकाश आलं. पहिल्या दोन्ही मोसमांत आठ संघांत शेवटचा क्रमांक. मग मनजित छिल्लर आला आणि संघ सलग दोनदा तिसरा आला. २०१७ मध्ये कर्णधार असलेला दीपक हुडा पुढच्या वर्षी १ कोटी १५ लाखांना जयपूरकडे गेला. नेमक्या तेवढ्याच रकमेत पलटणने नितीन तोमरला घेतलं. २०१९ मध्ये त्याच्यावरची बोली १ कोटी २० लाखांवर गेली. जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतकी रक्कम मोजून आपला खेळाडू राखता येतो. तो हक्क वापरून पलटणने त्याला परत आणलं. त्या मोसमात संघ बारा संघांत दहावा आला.

उत्तर मिळालं ते लिलावाच्या दालनाबाहेर. लीगच्या नियमात नव्या दमाच्या खेळाडूंसाठी वेगळी वाट आहे: ज्याच्यावर कधी बोलीच लागलेली नाही, असा कोवळा पोरगा संघाने हेरायचा, ठरलेल्या मानधनावर करारबद्ध करायचा आणि घडवायचा. अस्लम आणि हरियाणाचा मोहित गोयत पलटणमध्ये आले ते याच वाटेने. अस्लम नगर जिल्ह्यातला, आकाश नाशिक जिल्ह्यातला. खानदेशातल्या चाळीसगावहून मनमाडकडे निघालेली गाडी नायडोंगरीला पोचते न पोचते तोच हा नाशिक जिल्हा लागतो. मोठ्या लीगचा खेळाडू घडवणारा मुलूख खानदेशाला इतका लागून आहे.

घरची फळी उभी राहिली तेव्हा पलटणने मोठी रक्कम एका जागेसाठी राखली: डावा कोपरा. २०२२ मध्ये १ कोटी ३८ लाखांना फझल अत्राचली आला. पुढच्या वर्षी त्याला मोकळं करून शादलुईला आणलं. दोघे इराणी, दोघेही त्याच जागेचे बचावपटू.

कोपऱ्यावरचं काम डोळ्यांत तेल घालून पाहावं असं आहे. चढाईला ३० सेकंद असतात. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, मागे घेतो, हूल देतो. कोपऱ्यावरच्या गड्याने तोवर दम धरायचा. वजन पुढच्या पायावर गेलं की झेप घ्यायची, घोटा धरायचा आणि बाकीचे येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही. झेप क्षणभर लवकर पडली, तर तोच बाद. शादलुई वाट पाहण्यापेक्षा चालून जाणं पसंत करतो; चढाईपटू परतायला वळला की जागा सोडून त्याच्यावर तुटून पडतो. त्या मोसमात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. २२ साखळी सामन्यांत पलटण १७ जिंकली, २ हरली, ३ बरोबरीत सुटले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून अस्लमच्या संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं.

यशाची किंमत लगेच मोजावी लागली. त्याच वर्षीच्या लिलावात शादलुईला २ कोटी ७ लाखांना हरियाणाने नेलं. पलटणचा मोसम घसरला, त्यातच अस्लम जायबंदी झाला आणि संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीला झाला. तिथे शादलुईने करंडक उंचावला, पण हरियाणाच्या जर्सीत. २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. त्या दिल्ली संघात फझल होता. आधी आपल्याकडे असलेले दोन्ही डावे कोपरे पलटणने एकामागून एक दुसऱ्यांच्या विजयात पाहिले.

आता प्रश्न आहे तो घरच्या मुलांचा. मोकळ्या झालेल्या घरच्या खेळाडूवरही उद्या बारा संघ बोली लावू शकतात. एक गेला की दुसरा तयार हवा, आणि तो येणार तालुक्यांतूनच. चाळीसगाव, पाचोरा, शिरपूरकडचा मुलगा आधी जिल्ह्याच्या निवड चाचणीत दिसला पाहिजे, मग राज्याच्या कुमार गटात, तेव्हा कुठे फ्रँचायझीच्या माणसांची नजर त्याच्यावर पडते. लिलावातल्या सर्वांत खालच्या गटाची आधारभूत किंमतही २०२३ मध्ये ९ लाख होती. शेतमजुराच्या घरात ती रक्कम सगळं बदलून टाकते.

पण गावात हा मुलगा अनवाणी, मातीवर खेळतो आणि लीग बूट घालून मॅटवर. मातीत पाय रुततो, घसरतो, पकडीत सापडलेला गडी माती धरून रेषेकडे सरपटतो. मॅट पायाला धरून ठेवते, वेग वाढवते आणि चुकीच्या वळणाला गुडघ्यावर सूड उगवते. चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उतरलेल्या मुलाचं कसब निम्मंच दिसतं. १३ बाय १० मीटरची एक मॅट, तिच्यावर छप्पर आणि वर्षभर थांबणारा एक प्रशिक्षक, एवढी सोय तालुका क्रीडा संकुलांत झाली तर चाळीसगावचा मुलगा चाचणीला महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला उतरेल तेव्हा नाशिक-नगरच्या मुलांच्या बरोबरीने उभा राहील. ती सोय करणं फ्रँचायझीच्या हातात थोडं आणि जिल्हा संघटना व क्रीडा खात्याच्या हातात बरंच आहे.