म्हैस पान्हा चोरत नाही

"डॉक्टरसाहेब, कास तटतटलीय, पण पान्हावत न्हाई. चोरतीया. इंजेक्शन द्या." पशुवैद्य म्हणून सांगली-साताऱ्याच्या गोठ्यांतून माझं आयुष्य गेलं. लाथाळ म्हशी पाहिल्या, दावं तोडून पळणाऱ्या पाहिल्या. ठरवून दूध चोरणारी मात्र आजवर भेटली नाही. पान्हा सोडायचा की नाही, हे म्हशीच्या मर्जीवर नसतंच. ते तिच्या मेंदूतल्या काही ठरावीक चेतापेशींवर असतं.

दूध कासेतल्या अगदी बारीक कोषांत तयार होतं आणि बरंचसं तिथेच अडकून राहतं. सडांच्या वरच्या पोकळीत आपोआप उतरलेलं दूध गाईत एकूण दुधाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं असतं, म्हशीत जेमतेम 5 टक्के. बाकीचं नुसतं पिळून निघत नाही, कितीही जोर लावा. प्रत्येक कोषाभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचं जाळं असतं. ते आवळलं तरच दूध खाली येतं. आणि ते आवळतं ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे.

1941 साली इली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी गाईच्या अर्ध्या कासेकडे जाणारे चेतातंतूच कापून टाकले. तरी पान्हा दोन्ही बाजूंना फुटला. म्हणजे मेंदूचा हुकूम कासेत तंतूंवाटे पोहोचत नव्हता, रक्तातून येत होता. मग त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर 10 सेकंदांनी एक कागदी पिशवी फटकन फोडली. पान्हा बंद! आज असल्या प्रयोगाला परवानगी मिळणं अवघड, पण रोज सकाळी गोठ्यात हाच प्रयोग फुकटात करणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. काठी आपटून, शिव्या देऊन.

सडाला रेडकाचं तोंड किंवा माणसाचा हात लागला की तिथून खबर पाठीच्या कण्यातून मेंदूच्या बुडाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला पोहोचते. तिथल्या मोठाल्या चेतापेशींचे तंतू खाली पिट्युटरी ग्रंथीत उतरलेले असतात. शवविच्छेदनात कवटीच्या तळाच्या खळगीतून ही ग्रंथी मी काढलेली आहे. एवढ्या थोरल्या जनावराची, आणि वजन काही ग्रॅम. तिचा पुढचा भाग खरीखुरी ग्रंथी. मागचा भाग मात्र मुख्यतः वरून आलेल्या तंतूंच्या टोकांचाच बनलेला. ऑक्सिटोसिन तिथे तयार होत नाही. ते वर पेशीच्या अंगात घडतं, पुटिका नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलं जातं आणि तंतूतून खाली येऊन टोकांशी साठून राहतं. एक पुटिका मिलिमीटरच्या पाच-सहा हजाराव्या भागाएवढी, आणि तिच्यात ऑक्सिटोसिनचे सुमारे 85 हजार रेणू!

पेशीतून विजेचा स्पंद टोकापर्यंत आला की पडद्यातली कॅल्शियमची दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. पुटिकेवरचं एक प्रथिन आणि पडद्यावरची दोन, सुंभाचे पेड वळावेत तशी एकमेकांना पीळ घालतात. पीळ घट्ट होत जातो तशी पुटिका पडद्याशी ओढली जाते, दोघांची कातडी एक होते, तोंड उघडतं आणि आतला माल रक्तात. पुटिकांची ही वाहतूक उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना 2013 चं नोबेल मिळालं. धनुर्वात झालेला घोडा ज्यांनी पाहिला असेल, कान ताठ, जबडा मिटलेला, अंग लाकडासारखं, त्यांनी ही यंत्रणा बंद पडलेली पाहिली आहे. स्नायूंना 'सैल हो' सांगणाऱ्या चेतापेशींच्या टोकांतलं नेमकं हेच पुटिकेवरचं प्रथिन धनुर्वाताचं विष कापतं.

इतर चेतापेशी आपलं रसायन शेजारच्या पेशीवर टाकतात. मधली फट अतिशय अरुंद, काम निमिषात संपतं. ऑक्सिटोसिनच्या पेशी सगळ्या रक्तातच ओततात, म्हणून त्यांना एकजुटीने काम करावं लागतं. वेकर्ली आणि लिंकन यांनी 1973 च्या सुमारास उंदरांच्या मादीत हे नोंदवलं. पिल्लं सडांना सतत लटकलेली असतात, पण दूध येतं ते काही-काही मिनिटांनी; आणि ते येण्याच्या जरा आधी या पेशी तीन-चार सेकंद झपाट्याने स्पंद सोडतात.

चेतापेशीच ग्रंथीचं काम करते, हे पटायला जगाला फार वेळ लागला. एर्न्स्ट शारर या जर्मन तरुणाने 1928 साली एका छोट्या माशाच्या मेंदूत अशा पेशी पाहिल्या, आणि जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. त्याची बायको बेर्टा हिने हेच काम कीटकांत नेलं. नाझी राजवटीमुळे देश सोडून अमेरिकेत आल्यावर तिने झुरळांवर काम केलं. झुरळं तिथे हवी तेवढी मिळत.

आता इंजेक्शन. सुईतलं ऑक्सिटोसिन आणि म्हशीचं स्वतःचं ऑक्सिटोसिन रेणूने तंतोतंत एकच आहे, बाईचंही तेच. म्हणून दूध उतरतं, यात वाद नाही. पण रोज सुई टोचली की जनावर सुईशिवाय पान्हावेनासं होतं. रेडकू मरू द्यायचं आणि सुईवर धार काढायची, हा काही तबेल्यांचा हिशेब मला पहिल्यापासून ओंगळ वाटत आला आहे. हा गैरवापर थांबवायला 2018 मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी हे औषध बनवायला बंदी केली. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारंही हेच औषध असल्याने प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच डिसेंबरात बंदी रद्द झाली. ते बरंच झालं. गोठ्यातल्या आळसापायी बाळंतिणीचं औषध कशाला रोखायचं?

रक्तात सुटलेलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निष्प्रभ होतं. म्हणून मी सांगतो: कोमट पाण्याने कास धुवा, मिनिटभर चोळा, म्हशीला जरा जास्त वेळ द्या, आणि पान्हा फुटला की पाच-सात मिनिटांत धार संपवा. मधेच फोन घेऊ नका.

शांतता हवी म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. कोल्हापुरात कट्ट्यावर लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाईक आलं की समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात. भोवती रिक्षा, हॉर्न, माणसांची वर्दळ; तरी त्या पान्हावतात, तेही थोडं-थोडं, अनेकदा. तो गोंगाट त्यांच्या ओळखीचा असतो. अनोळखी जागी मात्र गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटणंच कमी होतं, हे रक्त तपासून दाखवलेलं आहे. त्यामुळे बाजारातून आणलेली म्हैस दोन दिवस दूध देत नाही असा फोन आला, की औषधाआधी मी विचारतो: पहिल्या मालकाकडे धार कोण काढायचं, बाई की गडी?