ऐनावरील कोष आणि शल्यचिकित्सा

ताम्हिणीच्या रानात ऐन विपुल आहे. याच वृक्षावर भंडारा-गडचिरोलीकडे टसरचे किडे पाळतात. रेशमी टाके जुनेच. आता पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून हाडातील पोकळी भरण्याच्या द्रव्यावर संशोधन झाले आहे.

असे प्रयोग बहुधा तुतीच्या कोषांवर होतात. कोष सोड्याच्या पाण्यात उकळून सुमारे चतुर्थांश वजनाचा डिंक, म्हणजे सेरिसिन, काढतात. तो राहिल्यास शरीरात दाह होऊ शकतो. उरलेले फायब्रॉइन विरघळवून हवा तो आकार देता येतो. म्हणून कापलेला कोषही चालतो, डागी मात्र नको. टसर विरघळण्यास कठीण, परंतु पेशी त्याला चांगल्या चिकटतात. लवचिकपणासाठी रेशीम व इलॅस्टिन यांचे गुण असलेली प्रथिने जीवाणूंकडूनही बनवून घेतात.

या कामास कोष थोडेच लागतात. ग्रामसेवकांनी भाववाढीची आशा दाखवू नये. घरचा रेशमी धागा निर्जंतुक नसतो, तो जखमेस कदापि लावू नये.