नाक झोपते का?

"सकाळी फोडणीच्या वासाने जाग आली," असे आपण सहज बोलून जातो. पण वासाने खरोखर जाग येते का? आवाज झाला की माणूस दचकून उठतो, तसे वासाने होते का? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर घरातल्या सर्वांच्या जिवाशी निगडित आहे.

प्रथम वास कसा येतो ते पाहू. पदार्थातून निसटलेले रेणू हवेबरोबर नाकात शिरतात. नाकपोकळीच्या वरच्या भागातील चेतापेशींवर सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. हे ग्राहक घडविणारी जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली. त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणू ग्राहकाला चिकटला की विजेचा सूक्ष्म संदेश मेंदूकडे निघतो. दृष्टी, श्रवण व स्पर्श यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस नावाच्या ठाण्यातून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र या ठाण्यात न थांबता पुढे जातो. तेव्हा झोपेत सर्वांत आधी वासच कळत असेल, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात उलटे घडते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन आणि रेचेल हर्झ यांनी झोपलेल्या तरुणांना पेपरमिंटचा सुवास आणि पिरिडीन या रसायनाची उग्र दुर्गंधी देऊन पाहिली. डोळा लागत असताना दोन्ही वास कळत. झोप लागल्यावर पेपरमिंटने कोणीच उठले नाही. पिरिडीनने काही वेळा जाग आली, पण अगदी गाढ झोपेत त्यानेही नाही. ध्वनीने मात्र तीच माणसे बहुतेक वेळा जागी झाली. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

मग फोडणीचे काय? भांड्यांच्या आवाजाने किंवा उजेडाने झोप चाळवते आणि जाग येताच वास कळतो. श्रेय मात्र नाकाला मिळते! मिरचीच्या खकाण्याने ठसका लागून जाग येते, ती गोष्ट वेगळी. ती वासाची नव्हे, जळजळीची संवेदना असून दुसऱ्याच चेतेमार्फत मेंदूकडे जाते.

याचा अर्थ झोपेत नाक बंद पडते असा नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली दाखविले, की सुवास आल्यावर झोपलेला माणूस दीर्घ श्वास घेतो आणि दुर्गंध आल्यावर आखूड. म्हणजे वास मेंदूपर्यंत पोचतो, पण माणसाला जागे करीत नाही.

जागेपणीही नाकावर फार विसंबून चालत नाही. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरानगरसारखी साखर कारखान्यांची गावे आहेत. गळीत हंगामात तेथे गेलेल्या पाहुण्याला मळीचा वास लगेच जाणवतो. गावकऱ्याला तो जाणवतही नाही. एकच वास सतत येत राहिला की त्याची जाणीव बोथट होते.

आता स्वयंपाकाच्या गॅसचा विचार करा. या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे दुर्गंधी द्रव्य मिसळतात. गॅसमधील प्रोपेनचा रेणुभार ४४, ब्यूटेनचा ५८ आणि हवेचा सरासरी सुमारे २९. म्हणून गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. आपल्यापैकी कित्येकजण जमिनीवरच अंथरूण घालतात. नाकाजवळ गॅस असेल, त्यात दुर्गंधीही असेल, तरी झोपलेल्याला जाग येईलच असे नाही!

म्हणून रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करा. गळती ओळखणारे यंत्र बसवायचे तर ते जमिनीजवळ बसवा आणि त्याचा भोंगा मोठा असू द्या. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू करू नका, बंदही करू नका. ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर न्या आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवा. थंडीत पेटती कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो; तो जाग्या माणसालाही कळत नाही.

आज घरी गेल्यावर एक पाहा : तुमच्या घरी रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम नेमके कोणाकडे आहे? कोणाकडेच नसेल, तर ते आजपासून तुमचे.