मेणाचा थर आणि चकाकीची परीक्षा

झाशी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. अठराव्या शतकात बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल बसला, नारोशंकरांच्या सुभेदारीत झाशी शहराचा विस्तार झाला आणि पुढे नेवाळकर घराण्याची सत्ता येथे नांदली. राणी लक्ष्मीबाईंच्या पराक्रमाने तर हे नाव घराघरांत पोहोचले. आजची झाशी दळणवळणाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिलचर हे देशाचे दोन मोठे महामार्ग या शहराजवळ एकमेकांना छेदतात. त्यामुळे लहानमोठ्या मोटारगाड्यांची वर्दळ येथे सतत असते.

मात्र झाशीची हवा मोटारीच्या रंगाची कसोटी पाहणारी आहे. मे-जून महिन्यांत येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. 'लू' नावाचे तप्त वारे वाहू लागतात आणि त्यांच्याबरोबर धूळ येते. बुंदेलखंडाची भूमी प्रामुख्याने ग्रॅनाइट खडकाची आहे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे खनिज असते. मोहस यांच्या काठिण्यश्रेणीत त्याचे स्थान सातवे आहे. रंगाचा थर त्याच्या तुलनेत फारच मऊ असतो. धुळीने माखलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय अनेकांना असते. परंतु त्या फडक्याखाली अडकलेले गारगोटीचे सूक्ष्म कण रंगावर बारीक चरे पाडीत जातात. दोन-तीन वर्षांत नवी गाडी निस्तेज दिसू लागते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

अशा वेळी गाडीचा मालक दुकानातून मेणाचा डबा आणतो. 'आरशासारखी चकाकी', 'उन्हापासून संपूर्ण संरक्षण' असे शब्द डब्यावर छापलेले असतात. ते खरे मानावेत काय? या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः पडताळून पाहता येते. त्यासाठी प्रथम रंग, चकाकी आणि मेण या तिन्हींचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

रंगाचे थर

मोटारीचा रंग हा एकच थर आहे असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात पत्र्यावर आधी गंजरोधक अस्तर असते. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. कारागीर या वरच्या थराला 'क्लिअर कोट' म्हणतात. या सर्व थरांची एकत्र जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या सर्वसाधारण जाडीहूनही कमी. उन्हातील अतिनील किरणांना रोखणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. तो घासून झिजला की पुन्हा वाढत नाही. गाडीच्या रंगाची निगा म्हणजे मुख्यतः या पातळ थराची निगा होय.

पूर्वी असा थर नसे. १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने 'ड्युको' नावाचा, नायट्रोसेल्युलोजपासून बनविलेला आणि लवकर वाळणारा रंग बाजारात आणला. त्यापूर्वी गाडीचा रंग वाळण्यास अनेक दिवस लागत. आपल्याकडील अनेक कारागीर आजही फवाऱ्याने दिलेल्या रंगाला 'ड्युको' म्हणतात ते याच नावावरून. तो रंग उन्हाने फिका पडे, त्यावर मळकट पापुद्रा धरे; म्हणून तो घासून उजळणे आणि वर मेण लावणे आवश्यकच असे. १९८० नंतर पारदर्शक थराची पद्धत हळूहळू रूढ झाली. रंग बदलला, तरी घासून उजळण्याची जुनी सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

चकाकी म्हणजे काय?

शांत तळ्यात आकाशाचे स्वच्छ प्रतिबिंब दिसते. वाऱ्याची झुळूक आली की ते विस्कटते. पाणी तेच असते, केवळ त्याचा पृष्ठभाग बदललेला असतो. रंगाचेही तसेच आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेने परावर्तित होतो आणि प्रतिबिंब रेखीव दिसते. चरे पडले असतील तर तोच प्रकाश अनेक दिशांना विखुरतो आणि रंगावर धुरकट छटा येते.

चकाकी परत आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग घासण्याचा. कारागिरांच्या भाषेत याला 'रबिंग' म्हणतात. त्यात बारीक कणांच्या साहाय्याने पारदर्शक थराचाच काही अंश काढून टाकला जातो. चरे खरोखर नाहीसे होतात. पण थर तेवढा पातळ होतो. दुसरा मार्ग मेणाचा. मेण चऱ्यांच्या बारीक खाचांत बसते, त्यामुळे प्रकाश कमी विखुरतो. येथे चरे जात नाहीत, झाकले जातात. या दोन मार्गांतील फरक न ओळखल्यामुळे पुष्कळदा फसगत होते. जुनी गाडी विकत घेताना ताज्या मेणाखाली रंगाचे खरे रूप दडलेले असू शकते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवणे हिताचे ठरते.

मेण कोठून येते?

मेण म्हटले की मधमाश्यांचे मेण आठवते. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. झाशीच्या उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा याहूनही अधिक तापू शकतो. म्हणून गाडीसाठी अधिक कठीण मेण लागते. असे मेण कार्नोबा नावाच्या ताडवर्गीय झाडापासून मिळते. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते.

कार्नोबाचे झाड ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढते. तेथेही दीर्घकाळ कोरडा उन्हाळा असतो. पानांतील ओलावा उन्हाने उडून जाऊ नये म्हणून हे झाड आपल्या पानांवर मेणाचा लेप धरते. पाने तोडून वाळवितात, झोडपतात आणि झडलेली भुकटी वितळवून मेण तयार करतात. कोरड्या उन्हापासून स्वतःचे रक्षण करण्याचा एका झाडाचा उपाय अशा रीतीने मोटारीच्या रंगापर्यंत पोहोचला आहे.

कार्नोबा मेण एकटे लावता येत नाही, कारण ते कठीण आणि ठिसूळ असते. त्यात मऊ मेणे, तेले आणि उडून जाणारे द्रावक मिसळून लोण्यासारखा घट्ट लेप बनवितात. लेप लावल्यावर द्रावक उडून जाते आणि पृष्ठभागावर पांढुरकी झाक उरते. ती मऊ फडक्याने पुसली की मागे राहणारा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. डब्यातील मेण जाड थापले म्हणून संरक्षण वाढत नाही; जादा मेण फडक्यावरच निघून जाते.

पाण्याचे थेंब काय सांगतात?

अळूच्या पानावर पाणी टाकले तर ते पसरत नाही, मोत्यासारखे गोल थेंब धरून घरंगळते. पानावरील मेणचट लेप पाण्याला आपल्याकडे ओढत नाही आणि पृष्ठताणामुळे थेंब स्वतःचा आकार राखतो. मेण लावलेल्या पत्र्यावरही असेच थेंब दिसतात. ते दिसेनासे होऊन पाणी पसरू लागले की मेण झिजत आल्याची सूचना मिळते.

तथापि थेंब दिसणे म्हणजे रंग सुरक्षित असणे असा अर्थ घेऊ नये. कूपनलिकेचे पाणी जड असेल तर हेच थेंब उन्हात वाळून क्षारांचे पांढरे ठिपके मागे ठेवतात. मेण लावलेली गाडीही धुतल्यावर लगेच मऊ फडक्याने टिपून कोरडी करावी लागते.

चाचणी कशी घ्यावी?

मेणाचा परिणाम जाणून घ्यायचा तर संपूर्ण गाडीला मेण लावून भागत नाही. आज गाडी छान दिसते. पण ती मेणामुळे की नीट धुतल्यामुळे, हे कसे ठरविणार? यासाठी तुलनेची सोय हवी. गाडीचे बॉनेट या कामी सोयीचे असते, कारण त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांना ऊन, धूळ आणि इंजिनाची उष्णता जवळजवळ सारखीच मिळते.

प्रथम दाराच्या आतील कडेवर किंवा अशाच एखाद्या नजरेआडच्या जागी थोडे मेण लावून पाहावे. पांढऱ्या फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर त्या रंगावर पारदर्शक थर नसण्याची शक्यता असते. मग फार जपून काम करावे.

नंतर गाडी भरपूर पाण्याने धुवावी, म्हणजे धूळ निघून जाईल. गाडी सावलीत असावी आणि पत्रा तळहाताला गार लागावा. झाशीसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात सकाळची वेळ सर्वांत योग्य. तापलेल्या पत्र्यावर द्रावक झपाट्याने उडते, मेण घट्ट चिकटते आणि डाग राहतात. बॉनेटच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावून दोन भाग करावेत. एका भागावर मेणाचा अगदी पातळ हात फिरवावा. बोट हलकेच फिरविल्यावर रेघ स्वच्छ उमटली की मेण वाळले असे समजून ते पुसावे. दुसऱ्या भागावर मेण न लावता तेवढ्याच वेळा तसेच स्वच्छ फडके फिरवावे. दोन्ही भागांत फरक केवळ मेणाचाच राहिला पाहिजे. द्रावक ज्वालाग्राही असल्याने जवळपास विस्तव नसावा आणि हवा खेळती असावी. काळ्या प्लास्टिकच्या भागांवर मेण लागू देऊ नये, तेथे पांढरे डाग पडतात.

पुढील दोन-तीन महिने दर आठवड्याला एकाच रीतीने गाडी धुवावी. दोन्ही भागांवर सारखेच पाणी शिंपडून थेंबांचा आकार पाहावा, धूळ किती सहज निघते ते पाहावे आणि तारखेसह वहीत नोंद करावी. चकाकीचा निर्णय, कोणत्या भागाला मेण लावले आहे हे ज्याला ठाऊक नाही, अशा व्यक्तीकडून घ्यावा. ज्याने पैसे आणि श्रम खर्च केले त्याच्या डोळ्यांना फरक दिसण्याची ओढ असते. त्याचप्रमाणे गाडी रोज अशा ठिकाणी उभी करू नये, की तिच्या एका बाजूवर भिंतीची सावली आणि दुसऱ्या बाजूवर ऊन पडेल. तसे झाल्यास ती चाचणी मेणाची न राहता सावलीची होईल.

निरीक्षणांचा अर्थ

अशा चाचणीत काय दिसू शकेल? गडद रंगावर पहिल्या दिवशी मेणाचा भाग अधिक खोल आणि तुकतुकीत भासतो. पांढऱ्या गाडीवर मात्र हा फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो. काही आठवड्यांत मेणाचा परिणाम ओसरू लागतो. उष्णता, धूळ आणि भांडी घासण्याच्या साबणासारखी तीव्र द्रव्ये ही गती वाढवितात. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला तर मेण रंगाला अपायापासून थोडी सवड मिळवून देते. पण डाग दिवसेंदिवस तसाच राहिला तर मेणाचाही इलाज चालत नाही. पारदर्शक थराचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर कोणत्याही मेणाने ते पुन्हा बसत नाहीत.

एका गाडीवरील एका ऋतूतील निष्कर्ष सर्वत्र लागू होईलच असे नाही. झाशीच्या जूनमध्ये जे दिसले ते रत्नागिरीच्या जुलैमध्ये दिसेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून चाचणी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पुन्हा घ्यावी. आज कृत्रिम लेप आणि सिरॅमिक लेप यांचेही पर्याय उपलब्ध आहेत. त्यांच्याविषयीचे दावेही याच रीतीने पारखता येतात.

पितळेच्या भांड्याला कल्हई करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कल्हईचा पातळ थर स्वतः झिजतो आणि अन्नाला पितळेपासून दूर ठेवतो. तो झिजला की पुन्हा कल्हई करावी लागते. मेणाचे कार्यही असेच आहे. ते रंगाचे आयुष्य अमर्याद वाढवीत नाही. रंगाच्या आधी स्वतः झिजण्याचे काम तेवढे ते करते. भाड्याची गाडी चालवून कुटुंब पोसणाऱ्या चालकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. डब्यावरील शब्दांवर भुलून दर महिन्याला रबिंग करवून घेतले, तर तो पैसे देऊन आपल्याच गाडीचा पारदर्शक थर झिजवीत राहील. भरपूर पाणी, मऊ फडके आणि शक्य तेव्हा सावली या तीन गोष्टी सांभाळल्या, तर मेणाचे काम पुष्कळ हलके होते.

बॉनेटचा जो अर्धा भाग मेणाविना ठेवला, तोच या चाचणीतील खरा साक्षीदार असतो. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय दुसऱ्या भागाच्या चकाकीचे मोल ठरविता येत नाही. खताची नवी गोणी असो वा कपडे धुण्याची नवी पावडर असो, शेताचा एक वाफा किंवा कापडाचा एक तुकडा तसाच राखून ठेवण्याची ही रीत सर्वत्र उपयोगी पडते.