खोक्याच्या पोटातला कागद

संत्र्याचा रस, नारळाचे दूध, सोयाचे किंवा ओटचे दूध, मुलांच्या डब्यातला ज्यूस. या वस्तू ज्या खोक्यातून घरी येतात, ते खोके कागदाचे की प्लॅस्टिकचे, असे विचारले तर घरातच दोन तट पडतात. एकजण ते कागदाच्या बिनमध्ये टाकतो, दुसरा प्लॅस्टिकच्या, आणि तिसरा वाद नको म्हणून सरळ काळ्या पिशवीत. रसायनशास्त्र शिकलेला माणूस म्हणून मला विचाराल तर पहिले दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत. तिसऱ्याच्या हातून मात्र चांगला कागद वाया जातो.

या खोक्याचा जन्म स्वीडनमधला. रूबेन राउसिंग यांनी १९५१ साली लुंड या गावी टेट्रा पाक कंपनी काढली. पहिली पाकिटे समोशासारखी चौटोकी होती, नावातले ‘टेट्रा’ त्यावरूनच आले. विटेच्या आकाराचे खोके १९६३ मध्ये निघाले. आपल्यापैकी बऱ्याच जणांची त्याच्याशी ओळख झाली ती १९८५ मध्ये बाजारात आलेल्या फ्रुटीमुळे!

आता हे खोके उभे चिरून पाहा. चिरोट्यासारखे पदर दिसतील. फ्रिजबाहेर टिकणाऱ्या खोक्यात साधारण ७५ टक्के जाड कागद, २० टक्क्यांच्या आसपास पॉलिथिन आणि ५ टक्क्यांच्या आत ॲल्युमिनियम असते. कागद खोके ताठ ठेवतो, पॉलिथिन पाणी अडवते आणि केसापेक्षा पातळ ॲल्युमिनियम प्रकाश व हवा बाहेर ठेवते. फ्रिजमध्ये ठेवायच्या खोक्यात बहुधा ॲल्युमिनियम नसते. दोन्हींत मोठा वाटा कागदाचाच, आणि तोही उंची. स्वीडन-फिनलंडसारख्या थंड देशांतल्या पाइन-स्प्रूसचा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा धागा त्यात भरपूर असतो. रद्दी पुन्हा पुन्हा वापरली की धागा तुटून आखूड होत जातो, म्हणून कागद गिरणीला असा लांब धागा हवाच असतो.

मग चिकटलेले पदर सुटे कसे करायचे? आपल्या आज्या ताक घुसळून लोणी काढायच्या, बरेचसे तसेच. पल्पर नावाच्या प्रचंड पिंपात खोकी आणि पाणी घालून तळाशी मोठी रवी फिरवतात. कागदाचे धागे एकमेकांना धरून असतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांनी. पाणी मध्ये शिरले की ते बंध सैल पडतात आणि धागे मोकळे होऊन पाण्यात तरंगू लागतात. पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम पाण्याला दाद देत नाहीत, त्यांचे तुकडे तसेच राहतात. चाळणीतून धाग्यांचा लगदा खाली जातो आणि तुकडे वर उरतात. या कामाला तीव्र आम्ल वा अल्कली लागत नाही. पाणी, घुसळण आणि वेळ, एवढे पुरते.

वेळ हाच कळीचा मुद्दा. वर्तमानपत्र पाण्यात पडले की लगेच विरघळल्यासारखे होते. खोक्याला दोन्ही बाजूंनी पॉलिथिन असल्यामुळे पाणी फक्त कापलेल्या कडांतून आत शिरते, त्यामुळे त्याला बराच जास्त वेळ घुसळावे लागते. साध्या रद्दीच्या गिरणीत तेवढी सवड नसते. तिथे अर्धवट भिजलेले खोके कचरा म्हणून बाजूला निघते आणि सारा कागद त्याच्याबरोबर जातो. म्हणून ‘कागद जास्त आहे ना, मग टाका कागदात’ हा हिशेब इथे चालत नाही.

या देशात अशा खास गिरण्या फार झाल्या नाहीत. स्कॉटलंडमधल्या फाइफ भागातली गिरणी २००६ मध्ये बंद पडली, तेव्हा इथली रिकामी खोकी पुन्हा स्वीडनला पाठवावी लागली. पुढे २०१३ मध्ये वेस्ट यॉर्कशायरमध्ये हॅलिफॅक्सजवळ स्टेनलंड येथे सोनोको आल्कोर कंपनीच्या गिरणीत वर्षाला २५,००० टन खोकी घेण्याच्या क्षमतेचा विभाग सुरू झाला. त्या धाग्यांपासून कापड, कागद वगैरे गुंडाळण्याच्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या बनवायच्या होत्या. म्हणजे खोक्याचे पुन्हा खोके होत नाही, पण नळीसाठी लागणारा नवा धागा वाचतो.

उरलेल्या पॉलिथिन-ॲल्युमिनियमपासून फळ्या, छपराचे पत्रे होतात. मुंबईत २०१० च्या दशकात सहकारी भांडारच्या दुकानांतून खोकी गोळा करून शाळेचे बाक बनवण्याचा उपक्रम चालला होता. तिथली रीत वेगळी. धागा वेगळा न काढता अख्ख्या खोक्याचा चुरा गरम दाबाखाली थापतात, आणि वितळलेले पॉलिथिनच डिंकाचे काम करते.

इंग्लंडमध्ये घरोघरच्या कचऱ्यासाठी ३१ मार्च २०२६ पासूनचे जे नियम ठरले, त्यांत ही खोकी प्लॅस्टिकच्या गटात धरली आहेत. म्हणजे सरकारने दुसऱ्या तटाच्या बाजूने निकाल दिला म्हणा ना! तरी प्रत्येक काउन्सिलची बिन आणि तिचा रंग वेगळा. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियमही स्वतंत्र आहेत. तेव्हा काउन्सिलचे पत्रक एकदा वाचून फ्रिजवर लावून ठेवावे.

घरी करायचे ते इतकेच. खोके रिकामे करून थोड्या पाण्याने विसळावे, नाहीतर तळाशी राहिलेले दूध आंबते, बुरशी धरते आणि शेजारचा स्वच्छ कागदही नासवते. भांडी घासून झाल्यावरचे पाणी त्याला चालते. मग खोके चपटे करावे, नळी आत ढकलावी आणि झाकण परत लावावे.

एक लिटरचे रिकामे खोके सुमारे ३० ग्रॅम भरते. आठवड्याला चार खोकी संपवणाऱ्या घरातून वर्षाला सहा किलोंच्या वर खोकी निघतात, त्यात साडेचार किलोंच्या आसपास कागद असतो. आपल्या मंडळातली पन्नास घरे धरली तर दोनशे किलोंच्या वर. हा काही जगाचा उद्धार नव्हे, पण दोनशे किलो चांगला कागद जाळायला देण्याचेही कारण नाही.

मुलांना हे पटवायचे असेल तर सुट्टीत एक प्रयोग करा. खोक्याचे चार बोटे रुंद तुकडे कापून कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी वरचे प्लॅस्टिक आणि आतली चंदेरी पट्टी सोलून काढा. उरलेला कागद भरपूर पाण्यात कुस्करून जुन्या मिक्सरमधून फिरवा, बारीक चाळणीवर पसरा, सुती फडक्याने दाबून पाणी टिपा आणि रेडिएटरजवळ वाळवा. जाडाभरडा का होईना, पण कागद तयार होतो. त्यावर आजी-आजोबांना भारतात पत्र लिहायला लावले तर मराठीचा अभ्यासही होईल.

दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलच्या स्वयंपाकघरात सिंकशेजारी रिकाम्या खोक्यांसाठी एक वेगळी पिशवी ठेवलेली असेल. विसळणे आणि चपटे करणे हे काम दहा वर्षांवरच्या मुलामुलींना द्यावे असे सुचवतो. पिशवी योग्य बिनपर्यंत नेण्याची जबाबदारी माझी. आणखी दोघे स्वयंसेवक हवे आहेत, इच्छुकांनी समितीकडे नाव द्यावे.