डब्यातले रीळ आणि १९६१ चे आकाश



माळ्यावरच्या पेटीत कधी कधी एखादे जुने रीळ सापडते आणि त्यात युद्धाची विमाने दिसतात. पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाई हल्ला झाला, तेव्हा ‘सोलेस’ या इस्पितळ-जहाजावरील एका डॉक्टरने आपल्या कॅमेऱ्याने ‘ॲरिझोना’ युद्धनौकेचा स्फोट टिपला. आजही अभ्यासक ते चित्रण तपासतात.

आपल्या गोव्याच्या आकाशातही युद्धाची विमाने आली होती. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. नंतर आणखी ८ कॅनबेरा आली. ६ हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. मात्र पोर्तुगीजांपाशी येथे लढाऊ विमाने नव्हती, म्हणून हवेत झुंज झालीच नाही. कोणी ‘गोव्यातील विमानांची झुंज’ म्हणून चित्रण दाखवले, तर ते दुसरीकडचे समजावे.

खरे रीळ कसे ओळखावे? त्या काळी घरगुती चित्रणाची तयार फिल्म बहुधा ८ मिलिमीटर रुंदीची असे. एक छोटे रीळ सुमारे ४ मिनिटे चाले. ‘सुपर ८’ फिल्म १९६५ मध्ये आली, म्हणजे तिच्यावर १९६१ चे मूळ चित्रण असू शकत नाही. त्या काळच्या कोडॅक फिल्मच्या कडेला त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा खुणा असत. त्यांवरून फिल्म बनल्याचे वर्ष कळते. पण २० वर्षांनी त्याच खुणा पुन्हा येत, म्हणून इतर पुरावाही पाहावा लागतो.

नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वर मंदिरातील १६६८ चा शिलालेख टिकला, कारण तो दगडात आहे. फिल्म मात्र आपल्या दमट हवेत आतून सडते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर सडणे सुरू झाले असे समजावे.

पालकांना आमची विनंती आहे: असा डबा फेकू नये आणि जुन्या प्रोजेक्टरवर चालवूनही पाहू नये, आकसलेली फिल्म त्यात फाटते. तो थंड, कोरड्या जागी ठेवावा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून फिल्म जतनाचे काम चालते.

आणि मुलांनो, चित्रण कोणी, कुठे, कधी घेतले हे आजी-आजोबांना विचारून आजच लिहून ठेवा. १९६१ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांनी सांगितल्याशिवाय रिळातली माणसे आपल्याला ओळखता येणार नाहीत.