आराखडा कोणत्या साधनानें काढावा?

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रती करण्याचें काम १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे आलें. अनेक वर्षें खपून त्यांनीं काढलेल्या प्रतींपैकीं बहुतेक, १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत भस्मसात् झाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हां प्रती केल्या. त्यांतल्याहि पुष्कळ १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. मात्र त्या श्रमांवर आधारलेला ग्रंथ पुढें छापला गेला, म्हणून त्यांचा कांहीं अंश आज घरबसल्या पाहतां येतो.

अजिंठ्यास राहणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरास ही गोष्ट आठवली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. तो पुण्यास सॉफ्टवेअरचें काम करतो. दिवाळींत भेटला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, आमच्या सगळ्या कामाचा आराखडा एका विकतच्या साधनांत काढलेला होता. काढणारा नोकरी सोडून गेला, वर्गणी थांबली, आणि आतां ती फाइल उघडतच नाहीं. हातीं उरलें तें दोन वर्षांपूर्वींचें चित्र." त्याच्या सांगण्यावरून मीं या साधनांची माहिती मिळविली, तीच आज सांगतों.

मुक्तस्रोत साधन म्हणजे ज्याची घडण कोणासहि वाचतां, बदलतां आणि दुसऱ्यास देतां येते तें. आराखड्याच्या अशा साधनांचीं दोन कुळें आहेत. पहिल्या कुळांत आपण स्वतः चौकटी मांडतों व रेघा ओढतों. एक्सकॅलिड्रॉ हें त्यांपैकीं एक. त्यांतील रेघ फळ्यावर हातानें काढल्यासारखी दिसते, त्यामुळें चर्चा चालू असतां कच्चें चित्र काढण्यास तें उत्तम. डाया हें याच कुळांतलें जुनें साधन.

दुसऱ्या कुळांत चित्र काढावयाचें नसतें, लिहावयाचें असतें. 'अर्जापासून तपासणीकडे बाण' अशा अर्थाची ओळ लिहिली कीं चौकटी कोठें बसवाव्या हें यंत्र ठरवितें. ग्राफव्हिझ हें यांतील वडील. तें अमेरिकेंतील एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेंत जन्मलें, आणि शेंकडों घटकांचें परस्परसंबंधाचें जाळें मांडण्यांत तें तरबेज आहे. प्लांटयूएमएलमध्यें आराखड्यांचे प्रकार पुष्कळ. परंतु त्यास जावा लागते, आणि कांहीं चित्रांसाठीं तें ग्राफव्हिझचेंच साहाय्य घेतें. २०१४ सालीं निघालेलें मर्मेड ब्राउझरमध्येंच चालतें, आणि २०२२ पासून गिटहबवर त्याचा मजकूर आपोआप चित्ररूपानें दिसतो.

मग निवड कशी करावी? येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. लेण्यांतील मूळ चित्र झिजतें आणि प्रत त्याची आठवण ठेवते. सॉफ्टवेअरमध्यें याच्या उलट, मूळ रोज बदलतें आणि प्रतच मागें पडते. म्हणून चित्र किती सुंदर निघतें यापेक्षां तें दुरुस्त करणें किती सोपें आहे, हा प्रश्न मोठा. लिहिलेल्या आराखड्यांत काय बदललें तें ओळीओळीनें ताडून पाहतां येतें, आणि तो प्रोग्रॅमशेजारींच ठेवतां येतो. हातानें मांडलेल्या चित्राच्या फाइलींत प्रत्येक चौकटीचें स्थान आंकड्यांत असतें; चौकट बोटभर सरकली तरी आंकडे बदलतात, आणि खरा बदल कोणता हें वाचून समजत नाहीं. उलटपक्षीं, लिहिलेलें चित्र मोठें झालें कीं यंत्राची मांडणी गुंतागुंतीची होते, आणि मनाजोगी जागा देणें कठीण जातें.

तात्पर्य, चर्चेपुरतें चित्र हातानें काढावें. वर्षानुवर्षें टिकवावयाचा आराखडा लिहून ठेवावा. शंका असल्यास आपलाच एक खरा आराखडा दोन साधनांत करावा, आणि मंडळींतील सर्वांत नव्या माणसास त्यांत एक दुरुस्ती करण्यास सांगावें. ज्यांत त्यास कोणास विचारावें लागलें नाहीं, तें साधन आपलें. कोणतेंहि घेतलें तरी मूळ फाइल आणि तिचें साधें चित्र दोन्ही, एकाहून अधिक ठिकाणीं ठेवावीं.

माझ्या विद्यार्थ्यानें त्या जुन्या चित्रावरून आराखडा मर्मेडमध्यें पुन्हां लिहावयास घेतला आहे. गिलसाहेबांच्या जळालेल्या प्रतींना ती सोय नव्हती. आपणांस आहे, ती दवडूं नये.